शब्दचर्चा: डीजेच्या 'की'ला पट्टी म्हणता येईल का?

माझा भाचा गंगापूर रोडला राहतो, डीजे आहे, ट्रान्स नावाच्या इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याचे सेट (एकाला एक जोडलेले ट्रॅक) बांधतो. मी पंचवटीत भजनाला पेटी वाजवतो. परवा तो म्हणाला, "मामा, दोन्ही ट्रॅकची की एकच आहे, तरी जोडताना बेसूर होतंय." मी पटकन म्हटलं, पट्टी तपास. नंतर मात्र अडकलो. 'की' म्हणजे पट्टीच का?

मला वाटतं, नाही. पट्टी सांगताना 'काळी चार' (पेटीवरची चौथी काळी) म्हटलं की फक्त सा कुठे धरायचा ते कळतं. त्यावर भूप गा नाहीतर भैरवी. 'की'मध्ये सा येतो आणि त्याच्यासोबतचे सूरही ठरलेले येतात. ए मायनर म्हणजे पांढरी सहा आणि वर आसावरी थाट (थाट म्हणजे सात सुरांचा ठरलेला संच), सी मेजर म्हणजे पांढरी एक आणि बिलावल. पट्टी अधिक थाट, असा तो ऐवज आहे. ऑर्केस्ट्रावाले 'स्केल' म्हणतात, तो शब्द मला जास्त जवळचा वाटतो. शिवाय 'की' लिहिलं की वाचणारा आधी अव्ययच समजतो.

त्याच्याकडे कॅमलॉटचं चक्र आहे, कुठली 'की' कुठल्या 'की'शी जुळते ते दाखवणारा डीजेंचा तक्ता. घड्याळासारखे १२ आकडे, प्रत्येकाला ए आणि बी, म्हणजे मायनर आणि मेजर. ८ए म्हणजे ए मायनर, ८बी म्हणजे सी मेजर. दोन्हींत त्याच सात पांढऱ्या पट्ट्या, सा तेवढा हलला. सूर तेच ठेवून सा बदलायचा, ही तर आपली मूर्च्छना! ८एवरून ९एला गेलं की ई मायनर, म्हणजे पंचमाचा सा झाला आणि सातांतला एकच सूर बदलला. ७एकडे गेलं की मध्यमाचा सा. षड्ज-पंचम आणि षड्ज-मध्यम यांनाच भरतमुनींनी संवाद म्हटलं आहे. म्हणून हार्मोनिक मिक्सिंगला, म्हणजे सुरांत जुळणारे ट्रॅक जोडण्याला, मी 'संवादी जोडणी' सुचवतो. चालेल का?

— 'संवादी जोडणी' आवडली. पण दादा, तुमच्या भाच्याचा घोळ 'पिच' या शब्दात असावा. डेकवर, म्हणजे ट्रॅक वाजवायच्या यंत्रावर, जो खटका सरकवतात त्याला पिच म्हणतात, आणि त्याने बदलतो वेग. वेग वाढला की सूरही चढतो. मिनिटाला १३२ ठोक्यांचा ट्रॅक १३८वर नेला तर वेग साडेचार टक्के वाढतो. पेटीची एक पट्टी चढायला जवळजवळ ६ टक्के लागतात. म्हणजे तो पाऊण पट्टी चढून मधेच लोंबकळतो, कुठल्याच पट्टीत बसत नाही. की लॉक चालू केलं तर लय चढते, सूर जागेवर राहतो. आपले नाशिक ढोलवाले लय कितीही चढवोत, ढोलाचा सूर चढत नाही, तसंच.

मी तबला वाजवते, म्हणून आणखी एक. 'बीटमॅचिंग'ला, म्हणजे दोन ट्रॅकचे ठोके जुळवण्याला, 'लय जुळवणे' पुरत नाही. ठोक्यावर ठोका बसला तरी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकू शकते. ट्रान्सची बांधणी बहुधा ८ बारांची, म्हणजे चार-चारच्या हिशेबाने ३२ ठोक्यांची. तीनतालाची दोन आवर्तनं. नवा ट्रॅक मधल्याच मात्रेवर सोडला तर लय बरोबर असूनही कानाला खटकतं. म्हणून आधी लय जुळवणे, मग समेवर आणणे, असे दोन शब्द ठेवा.

— ताई, भाच्याला विचारलं. की लॉक बंदच होतं. 'समेवर आणणे' त्याने लगेच उचललं, 'संवादी' मात्र त्याला अजून जड वाटतंय. ७०चा ट्रॅक १४०वर चढवण्याला मी 'दून' (दुप्पट लय) म्हटलं, ते चालेल ना?