दसऱ्याला चिकन महागतं ते दुकानदारामुळे नाही

पांढरा_रस्सा
'श्रावणापासून नवरात्रापर्यंत चिकन स्वस्त आणि दसऱ्याला एकदम वर. कोंबडी तीच, मका तोच. दुकानदारांनी मिळून चालवलेली लूट आहे ही.' ही पोस्ट वाचून राहवलं नाही.

दसऱ्याला कापायची कोंबडी दोन महिने आधी ठरते. अंडं उबायला २१ दिवस, मग शेडवर ३८ ते ४२ दिवस. श्रावणात उठाव नसतो, फार्म रेट, म्हणजे शेडवरच्या जिवंत कोंबडीचा दर, खर्चाच्या खाली जातो. मग हॅचरीवाले, म्हणजे पिल्लं उबवून विकणारे, अंडी उबवायच्या मशीनला कमी लावतात, उरलेली खायच्या अंड्यांत विकून टाकतात. गिऱ्हाईक एका दिवसात परत येतं, पक्षी साठ दिवसांनी.

आणि 'मका तोच' कसा? कोंबडीच्या खाद्यातला मका हल्ली इथेनॉललाही जातो. २०२१ला खाद्यातलीच सोयापेंड (तेल काढून उरलेलं सोयाबीन) इतकी भडकली की सरकारला १२ लाख टन जीएम (जनुक बदललेल्या सोयाबीनच्या) पेंड आयातीची परवानगी द्यावी लागली. दोन किलोच्या पक्ष्याला १.६ एफसीआरने, म्हणजे किलोभर वजनाला १.६ किलो खाद्य या हिशोबाने, ३.२ किलो खाद्य लागतं. ४० रुपये किलोने १२८. पिल्लू ३५ आणि औषध, शेडमध्ये अंथरायचं तूस, वीज, संगोपन मिळून २५ धरा. एकूण १८८, म्हणजे जिवंत किलोला ९४. दुकानदार यात कुठे आला?

तिखटजाळ
ती पोस्ट माझीच. फार्म रेट २० रुपयांनी चढला की दुकानात ३० वाढतात, २० उतरला की जेमतेम १० कमी होतात. याचा हिशोब द्या की.

पांढरा_रस्सा
चढताना ३० बरोबरच आहेत. कातडी काढली की जिवंत वजनाच्या ६५ टक्केच हातात येतं. किलोभर मांसाला दीड किलोहून जास्त कोंबडी लागते, म्हणून २०चे ३१ होतात. उतरताना १०च कमी करणं चूक आहे. तेवढं तुमचं खरं.

तूस_आणि_भुकटी
दोघंही गिऱ्हाइकाचंच बोलताय. कंपनीची पिल्लं आणि खाद्य घेऊन करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याला तेजीत काय मिळतं? किलोमागे ठरलेलं संगोपन शुल्क. वर एफसीआर बिघडला की कपात. पक्षी ३८व्या दिवशी तयार, मंदी असली की कंपनीची पक्षी उचलायची, लिफ्टिंगची गाडी येते ४५व्या दिवशी. त्या आठवड्यात पक्षी रोज दीडशे ग्रॅमच्या वर खातो, वजन त्या मानाने चढत नाही, एफसीआर बिघडतो. उशीर कंपनीचा, कपात शेतकऱ्याची!

काटा_बरोबर
सगळं कंपनीवर ढकलू नका. तूस रोज हलवलं नाही, पाण्याचे निपल गळत राहिले, की ओल धरते, अमोनिया सुटतो, पक्षी घरघरायला लागतात. त्या मरतुकीचा दोष कंपनीचा कसा?

तूस_आणि_भुकटी
आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की? पत्र्यावर पाचट टाका, पाण्याचा फवारा मारणारे फॉगर लावा, ११ ते ४ खाद्य उचला, तरी मरतो तो दोन किलोचाच पक्षी, कारण जड पक्ष्याला धाप आवरत नाही. ३८व्या दिवशी उचलला असता तर वाचला असता.

काटा_बरोबर
लिफ्टिंगच्या उशिराचं मान्य. ओल्या तुसाचं नाही.

वजडी
मूळ प्रश्न दराचा, तो राहिला बाजूला. श्रावणात चिकन पडतं, मटण का पडत नाही? कारण बोकड थांबू शकतो. दर नाही पटला तर शेतकरी त्याला बाजारातून परत नेतो, आणखी दोन महिने चरायला सोडतो. ब्रॉयलरला आठवडाही थांबवता येत नाही, हे वर आलंच. २५ किलोच्या बोकडाचं मटण जेमतेम १२ किलो, आणि कातड्याचे पूर्वीसारखे पैसे येत नाहीत, ती तूटही मटणावरच पडते. २०१९ला कोल्हापुरात मटणाच्या दरासाठी लोक रस्त्यावर उतरले. पण बैठकीत दर ठरवून बोकडं वाढत नाहीत. शेळी पाच महिने गाभण राहते आणि करडू कापायच्या वजनाला यायला वर्ष जातं.

तिखटजाळ
'लूट' हा शब्द मागे घेतो. उतरतीला दर न उतरवणाऱ्यांबद्दल मात्र तोच शब्द ठेवणार.