मदत हवी आहे: ४७ व्या वर्षी धावायला सुरुवात केली आहे, नडगी दुखते, पुढं कसं जायचं?

वडगाव_पेठ

नमस्कार मंडळी. वय ४७, वजन ८२ किलो, दिवसभर काउंटरवर बसून काम. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड चालू आहे. रोज पाऊण तास चालणं व्यवस्थित होतं. गेल्या पंधरवड्यापासून बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात सलग दोन किलोमीटर धावतो आहे. दम आटोक्यात असतो, पण दोन्ही नडग्या आतल्या बाजूनं दुखायला लागल्यात. डिसेंबर-जानेवारीपर्यंत सलग १० किलोमीटर जमावं अशी फार इच्छा आहे.

विचारायचं आहे ते असं: धावणं थांबवू की कमी करू? या वयात गुडघे झिजतात म्हणतात ते कितपत खरं? बूट कसले घ्यावेत? आणि आता पावसाचे चार महिने आहेत, तेव्हा काय करायचं?

टिळकवाडी_पहाट

थांबवू नका, पण सलग धावणं आजपासून बंद करा.

दम नीट आणि नडगी दुखते, हे चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्यांचं नेहमीचं लक्षण. हृदय आणि फुप्फुसं तीन-चार आठवड्यांत सरावतात, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडांना मात्र महिने लागतात. नवा भार पडला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. त्यामुळं मधले काही आठवडे ते उलट नाजूक असतं. नेमकं त्याच वेळी दम वाढल्यामुळं माणसाला जोर चढतो आणि तो अंतर वाढवतो. म्हणून अंतर ठरवताना दमाचं ऐकू नका, पायाचं ऐका.

आधी नडगी तपासा. आतल्या कडेवर बोट फिरवत खाली या. दुखणं चार-पाच बोटांच्या लांबीत पसरलेलं असेल आणि थोडं चालल्यावर सैल होत असेल, तर तो शिन स्प्लिंट, म्हणजे जास्त भारानं नडगीच्या कडेला आलेली दुखरी सूज. एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेवरच कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा धावताना वाढतच जात असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका धरा आणि धावणं पूर्ण बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून परत धावायला जाऊ नका, एमआरआयबद्दल विचारा.

पसरलेलंच दुखणं असेल तर दहा दिवस फक्त चाला. चालताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर दुखत नाही अशी खात्री झाली की हे सुरू करा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. दर वेळी सुरुवातीला आणि शेवटी पाच मिनिटं चालायचं. पहिले दोन आठवडे १ मिनिट धावणं आणि २ मिनिटं चालणं, असं आठ वेळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात २ धाव, २ चाल, सात वेळा. पाचव्या-सहाव्यात ४ धाव, २ चाल, पाच वेळा. सातव्या-आठव्यात ८ धाव, २ चाल, तीन वेळा. नवव्या-दहाव्यात १५ धाव, २ चाल, दोन वेळा. बाराव्या आठवड्याला सलग २५ ते ३० मिनिटं होतात. एखादा टप्पा जड गेला तर तोच आठवडा परत करा, पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

सलग अर्धा तास जमला की तीनांपैकी फक्त एका दिवसाचं अंतर वाढवायचं. तीन आठवडे दर आठवड्याला १ किलोमीटर वाढवा, चौथ्या आठवड्यात तेच अंतर एक तृतीयांशानं कमी करा, मग परत चढा. बाकीचे दोन दिवस अर्ध्या तासाचेच राहू द्या. जूनमध्ये सुरुवात केली तर डिसेंबरला १० आरामात होतात, मध्ये दोन-तीन आठवडे वाया गेले तरी.

वेग किती? धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. किलोमीटरला ८ किंवा ९ मिनिटं लागली तरी लागू द्या. तुमच्या वयाला हृदयाचे कमाल ठोके मिनिटाला साधारण १७५ धरतात, पण वयावरून काढलेल्या या आकड्यात माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. घड्याळापेक्षा बोलण्याची कसोटी भरवशाची.

आता पावलाबद्दल. पाय गुडघ्याच्या बराच पुढं जाऊन टाचेवर आपटत असेल तर सगळा धक्का नडगी खाते. अर्धा मिनिट फक्त उजवं पाऊल मोजा आणि चारनं गुणा. ३७ आले तर मिनिटाला १४८ पावलं. ती पाच टक्क्यांनी वाढवा, म्हणजे १५५ च्या आसपास आणा. वेग तोच ठेवा, पाऊल आखूड करा. एकदम १८० चा हट्ट धरू नका, पोटऱ्या धरतात.

आणि हे आठवड्यातून दोनदा, न चुकता: पायरीवर पावलाचा पुढचा भाग टेकवून टाचा वर-खाली, गुडघा सरळ ठेवून १२ वेळा, गुडघा वाकवून १२ वेळा, असे तीन-तीन फेरे. भिंतीला पाठ टेकून, पाय दीड फूट पुढं ठेवून फक्त चवडे वर उचलायचे, १५ वेळा, तीन फेरे. खुर्चीत बसून हात न टेकता उठायचं, १० वेळा, तीन फेरे. यातला चवडे उचलण्याचा प्रकार खास नडगीसाठी आहे. महिन्याभरात फरक जाणवतो.

औषध_आणि_व्यायाम

नडगीइतकंच तुमच्या गोळ्यांकडं लक्ष द्या.

सुरुवातीआधी ईसीजी, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) करून घ्या. बीपी आणि शुगर दोन्ही असल्यामुळं टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून घेतलेली हृदयाची तपासणी, करायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. छातीत दाब, जबड्याकडं किंवा डाव्या हाताकडं जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम, चक्कर, यातलं काहीही झालं तर थांबायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं.

मेटफॉर्मिननं एकट्यानं साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइडनं जाते. धावण्याआधी ग्लुकोमीटरवर १०० च्या खाली असेल तर अर्धं केळं किंवा दोन खजूर खाऊन दहा-पंधरा मिनिटं थांबा. खिशात तीन चमचे साखरेची पुडी किंवा ग्लुकोजचं पाकीट कायम ठेवा. हात थरथरणं, घाम फुटणं, गोंधळल्यासारखं होणं, अशी लक्षणं दिसली तर लगेच ती खा, बसा, पंधरा मिनिटांनी परत तपासा. व्यायामाचा परिणाम पुढचे एक-दोन दिवस टिकतो, म्हणून रात्रीची साखरही सुरुवातीला बघत जा. आकडे सतत खाली येऊ लागले तर डोस कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही.

टेल्मिसार्टन चालू असताना अंगात पाणी कमी आणि वर दुखण्याची गोळी, हे मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं. धावण्याआधी किंवा नंतर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका. तसंही गोळीनं दुखणं झाकलं की नडगी बरी झाली की नाही हेच कळत नाही.

टेल्मिसार्टननं ठोके कमी होत नाहीत. पण पुढंमागं मेटोप्रोलॉलसारखी ठोके कमी करणारी गोळी मिळाली तर ठोक्यांचे सगळे आकडे निरुपयोगी होतात, हे लक्षात असू द्या. आणि शुगर असल्यामुळं रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. फोड आलेला कळतच नाही, असं होऊ शकतं.

माती_आणि_पाय

दादा, बूट काढा आणि अनवाणी मातीवर धावा. डेपोत माती आहेच की. पाय आपोआप आखूड पडतो.

टिळकवाडी_पहाट

पाऊल आखूड पडतं हे खरं. पण अनवाणी धावताना भार नडगीकडून पोटरी आणि टाचेमागच्या अकिलीस टेंडनवर जातो. पन्नाशीच्या जवळ आलेल्या, ८२ किलो वजनाच्या माणसाला ते बदलायला कित्येक महिने द्यावे लागतात. शिवाय शुगर आहे. काच किंवा काटा लागला तर जखम चिघळायला वेळ लागत नाही. यांच्यासाठी हा सल्ला योग्य नाही.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. धावतानाचेच मोजे घालून मापा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच उचलली जाता कामा नये. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक ८ ते १० मिलिमीटर असलेला बूट पोटरीला सोपा जातो. चार-पाच हजारांत मागच्या वर्षीचं मॉडेल चांगलं मिळतं. तळात कार्बनची पट्टी घातलेले, शर्यतीचे महागडे बूट तुमच्या उपयोगाचे नाहीत. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळ दबतो, वरून नवा दिसला तरी. मोजे सुती नकोत, ओले होऊन फोड आणतात.

राजहंसगड

पाऊस आणि रस्त्यांबद्दल.

डेपोतली माती जुलै-ऑगस्टमध्ये निसरडी होते. तेव्हा कॅम्पातले झाडीचे रुंद रस्ते धरा. डांबर ओलं असलं तरी पकड राहते, पण पानांचा थर आणि पांढरे पट्टे यांच्यावर पाय देऊ नका. पावसात धावल्यानं काही होत नाही, ओल्या कपड्यांत गारठत बसल्यानं होतं. आल्याबरोबर कपडे बदला. बुटांतला तळ बाहेर काढा, आत वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी कागद बदला. चुलीजवळ किंवा हीटरपुढं ठेवले तर चिकटवलेला तळ सुटतो. ऐपत असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. मांड्या आणि काखांत व्हॅसलिन लावा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करूनच मोजे घाला.

जांबोटी रस्ता टाळा. चोर्ला घाटातून गोव्याला जाणारी वाहनं पहाटेपासून सुसाट असतात. खानापूर तालुक्यात रानालगत राहणाऱ्यांनी अंधारात अजिबात बाहेर पडू नये, तिकडं अस्वलं आहेत. पूर्ण उजाडल्यावरच जा आणि जोडीनं जा.

हिवाळ्यात सूर्योदय सातच्या सुमाराला होतो, म्हणजे सहाला निघालं तर काळोखच. त्यात उसाचा हंगाम. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी, कुठंही जा, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, पुष्कळांना मागं दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो आणि ऊस बाहेर लोंबत असतो. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेनं धावा. चमकणारं जाकीट आणि कपाळावरचा दिवा घ्या, कानात काही घालू नका. अथणी-रायबागकडच्या मंडळींनी मार्च ते मे साडेसातच्या आत घरी यावं. आपल्याकडं बेळगावात हवा थंड म्हणून सूट मिळते, तिकडं नाही.

कुत्री मागं लागली तर पळू नका. थांबा, तोंड त्यांच्याकडं ठेवा, हळू चालत बाजूला व्हा. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद-चुना काही लावू नका.

हिंदवाडी_५१

मीही वाचते आहे. वय ५१, पाळी थांबून दीड वर्ष झालं. चालणं-धावणं सुरू केलंय, पण धावताना लघवी थोडी सुटते. कुणाला विचारायचं कळत नाही. बंद करावं का?

औषध_आणि_व्यायाम

ताई, बंद करू नका आणि संकोचही करू नका. बाळंतपणानंतर आणि पाळी थांबल्यावर हे पुष्कळ बायकांना होतं आणि बहुतेकींना व्यायामानं बरंच कमी होतं. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळून आठ-दहा सेकंद धरायचे, मग तेवढाच वेळ सैल सोडायचे. असं ८ ते १० वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास रोखू नका, पोट-मांड्या आवळू नका. तोवर उतारावर धावणं टाळा आणि चालण्याचा वाटा जास्त ठेवा. खालून काही उतरल्यासारखं जड वाटत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

पाळी थांबल्यावरची पहिली काही वर्षं हाडांची झीज वेगानं होते. पायावर पडणारा धक्का हाडाला हवाच असतो, पण बेतानं. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासा. हिमोग्लोबिन बरं असूनही फेरिटिन खाली असलं तर पाय जड राहतात. वजन उचलण्याचे व्यायाम तुमच्यासाठी धावण्याइतकेच महत्त्वाचे. स्पोर्ट्स ब्रा धावण्यासाठीचीच घ्या, योगासाठीची पुरत नाही.

वडगाव_पेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. नडगीवर बोट फिरवून पाहिलं, दुखणं पसरलेलं आहे. दहा दिवस चालणार. गुडघ्यांचं मात्र राहिलं. घरचे म्हणतात, या वयात हे करून मिळणार काय?

टिळकवाडी_पहाट

घरच्यांना हे सांगा. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता. त्यात गुडघा-खुब्याचा संधिवात हौशी धावणाऱ्यांमध्ये सुमारे ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के आढळला. म्हणजे बेतानं धावणाऱ्यांचे गुडघे बैठ्या लोकांपेक्षा वाईट निघाले नाहीत. गुडघ्याच्या वाटीमागं, जिना उतरताना दुखलं तर ते बहुधा मांडी आणि खुब्याचे स्नायू अशक्त असल्याचं असतं, झीज नव्हे.

मिळतं ते क्रमानं. पहिल्या महिन्यात झोप सुधारते. तीन महिन्यांत सकाळी उठल्या उठल्या मोजलेले ठोके पाच-दहानं खाली येतात. बीपीचा वरचा आकडा बहुतेकांचा थोडा उतरतो. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी कमी होते. एक दिवसाआड धावण्याचा शुगरला चांगला उपयोग होतो, कारण इन्सुलिनचं काम सुधारलेलं राहतं ते एक-दोन दिवसच. वजनाची मात्र मोठी आशा धरू नका. किलोमीटरला साधारण वजनाच्या किलोएवढ्या कॅलरी जातात. तुमचे ५ किलोमीटर म्हणजे चारशेच्या आसपास. परतताना थोडा कुंडा (आपली खव्याची मिठाई) आणि एक वडा झाला की सगळं भरून निघालं. ज्वारीची भाकरी, उसळ, दोन अंडी, ताक असा नाश्ता ठेवा.

तिशीनंतर बैठ्या माणसाची दमाची क्षमता दर दहा वर्षांनी दहाएक टक्क्यांनी घटते. नियमित धावणाऱ्यांची घट बरीच कमी असते. साठीत येळ्ळूर गडाचा चढ न थांबता चढता येणं, हे मला यातलं सगळ्यात मोठं फळ वाटतं. फौजा सिंग यांनी पहिली मॅरेथॉन २००० साली लंडनला धावली, तेव्हा ते ८९ वर्षांचे होते. ४७ म्हणजे तुमच्या हातात भरपूर वर्षं आहेत.

वडगाव_पेठ

पहिली स्पर्धा कोणती धरावी? मित्र साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन म्हणतात.

राजहंसगड

ती २१ किलोमीटर आहे आणि यवतेश्वरच्या घाटाची आहे. अर्धी चढण, अर्धी उतरण. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात जात काम करतात, त्याची सवय नसेल तर पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरवत नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला ठेवा.

पहिली स्पर्धा सपाट १० किलोमीटरचीच घ्या. आधीच्या तीन आठवड्यांत एकदा ९ किलोमीटर झालेले असावेत. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्मं करा. त्या दिवशी नवा बूट, नवे मोजे, नवं खाणं, काहीही नवं नको. निघण्याआधी साखर तपासा. पहिले दोन किलोमीटर रोजच्यापेक्षा अर्धा मिनिट हळू. गर्दीबरोबर सुटलात तर सातव्या किलोमीटरला पाय संपतात. पाणी तहान लागेल तेवढंच प्या, प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामा करायची गरज नाही. आणि पाणी घेताना दहा पावलं चाला. वेळ फारसा जात नाही, घशात अडकत नाही.