सावळ्या हातावर पांढऱ्या शाईचा टॅटू: किती दिवस पांढरा राहतो?

मोगरा_मिरज:
मनगटाच्या आतल्या बाजूला मोगऱ्याची फांदी काढून घ्यायची आहे, दोन इंचांची, फक्त पांढऱ्या शाईत. माझा रंग सावळा. सांगलीत एका ठिकाणी दाखवलेले फोटो अगदी शुभ्र होते, पण बहुतेक गोऱ्या हातांवरचे. रोजचे पाच-सहा तास तासगावकडे द्राक्षबागेत जातात. वर्ष-दोन वर्षांनी टॅटू कसा दिसेल? तीन आठवड्यांवर ताईची हळद आहे, त्याआधी काढला तर चालेल का?

सुई_शाई:
ते फोटो काढल्या दिवशीचे असतात, तिथेच फसगत होते. ताजी रेघ फुगलेली आणि भोवतीची कातडी लाल, म्हणून ती चुन्यासारखी उठून दिसते. पण शाई बसते आतल्या थरात आणि आपल्याला सावळं करणारं मेलॅनिन असतं वरच्या थरात. जखम भरून वर नवी कातडी आली की आपण त्या पांढऱ्याकडे मेलॅनिनमधूनच बघतो. दीड-दोन महिन्यांत रंग सायीसारखा होतो, पुढे पिवळसर. सावळ्या हातावर पुष्कळदा लोक विचारतात, "भाजलं होतं का?" उन्हाने मेलॅनिन वाढतं, त्यामुळे बागेत हे लवकर होणार.

दुसरी अडचण स्टेन्सिलची, म्हणजे गोंदण्याआधी कातडीवर उमटवलेल्या नक्षीच्या छापाची. तिचा जांभळा रंग सुईबरोबर आत गेला की रेघ कायमची करडी पडते. स्टेन्सिल पंधरा-वीस मिनिटं पूर्ण सुकू द्यायला सांगा. सुई रेघेच्या किंचित बाजूने चालली पाहिजे आणि शाई घासून न पुसता टिपली पाहिजे. पांढरी शाई घट्ट असते, कुठे बसली ते चटकन कळत नाही, म्हणून नवशिका तिथेच पुन्हा पुन्हा सुई फिरवतो आणि व्रण उठतो. केसाएवढ्या बारीक रेघाही नकोत, पांढऱ्यात त्या हरवतात. दोन इंचांत तीन फुलं पुरेत.

पैसे देण्याआधी त्याच जागी तीन मिलिमीटरचा एकच ठिपका घ्या, पुढे तो कळी म्हणून नक्षीत सामावेल. आठ आठवडे थांबा. मग सकाळी खिडकीपाशी हातभर अंतरावरून बघा. शोधावा लागला तर नुसत्या पांढऱ्याचा नाद सोडा.

त्वचेचं_बोला:
आणि "नाही आवडला तर लेझरने काढू" हा हिशेब इथे लागू नाही. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं. लेझरचा झोत पडला की ते जागच्या जागी काळपट-करडं होऊ शकतं, आणि मग तो काळा डाग काढायला आणखी बऱ्याच बैठका लागतात. कुणी लेझर सुचवलाच तर आधी एका ठिपक्यावर करून बघायला लावा. कान टोचल्यावर गाठ वाढली असेल, तर कुठल्याच रंगात गोंदवून घेऊ नका.

कृष्णाकाठ:
हळद होऊन जाऊ दे, मगच काढा. वरची जखम भरायला दोन ते तीन आठवडे लागतात, म्हणजे तुमची तारीख नेमकी काठावर येते. हळदीच्या अंगणात कोण कुठे हात लावेल याचा नेम नाही, आणि ती डब्यातली हळद ओल्या जखमेत जाता कामा नये. आपल्या सांगलीत कापलं-खरचटलं की हळद दाबतात, टॅटूवर ते करू नका. साध्या साबणाने दिवसातून दोनदा धुवा, स्वच्छ कापडाने टिपा, मलम अगदी पातळ लावा. खपली ओढू नका, तिच्याबरोबर शाईही निघते. तीन आठवडे नदी-विहिरीत पोहणं बंद. बागेत पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाला, औषध फवारणीच्या दिवशी तर नक्कीच. जखम भरल्यावर रोज एसपीएफ ५० चं सनस्क्रीन लावा, दर दोन तासांनी पुन्हा, कारण घामाने ते निघून जातं.

मोगरा_मिरज:
हळदीनंतरच बघते. देठ-पानं काळी आणि पाकळ्यांना पांढरं, असं केलं तर?

सुई_शाई:
सावळ्या हाताला तेच शोभेल. पाकळीचं पांढरं काळ्या कडेमुळे नजरेत भरतं, आणि पुढे ते पिवळसर झालं तरी मोगरा ओळखू येतो. फक्त क्रम सांभाळा. काळं आधी पूर्ण होऊ दे, पांढरं सगळ्यात शेवटी, नव्या सुईने आणि वेगळ्या कपातून, काळ्या रेघेपासून थोडी जागा सोडून. त्याच बैठकीत घाई नको असेल तर काळं भरून आल्यावर, सहा-आठ आठवड्यांनी पांढरं भरा. तेव्हा काळं त्यात उतरत नाही.