वडिलांना पॅलिएटिव्ह विभागात पाठवले आहे. म्हणजे उपचार संपले असे समजायचे का?

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे असून त्यांचा फुफ्फुसाचा कर्करोग मणक्यापर्यंत पसरला आहे. गेल्या आठवड्यात केमोच्या डॉक्टरांनी आम्हाला त्याच रुग्णालयातील पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या, विभागात जायला सांगितले, तेव्हा 'आता डॉक्टरांनीही हात टेकले' असे म्हणत आई बाहेरच्या बाकावरच रडू लागली. त्या विभागाने मॉर्फिनच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या आहेत, पण त्यांची सवय लागते आणि माणूस गुंगीतच जातो असे थोरले काका म्हणतात. त्यामुळे दोन दिवस गोळ्या कपाटात आहेत आणि बाबा पाठीला उशी लावून खुर्चीत बसूनच रात्र काढत आहेत. आजाराचे नावही आम्ही त्यांना सांगितलेले नाही. ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शुश्रूषा:
ताई, मी अशाच एका विभागात परिचारिका आहे. आधी गोळ्यांविषयी बोलते, कारण बाबांची आजची रात्रही खुर्चीत जाऊ नये असे मला मनापासून वाटते. विभागात आत्ताच फोन करून गोळ्या सुरू केल्या नसल्याचे न संकोचता सांगा. कोणीही रागावणार नाही, ही भीती आम्ही रोज पाहतो. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे अगदी विरळा. पहिले दोन-तीन दिवस झापड येते आणि बहुधा ती ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध लिहून दिले आहे ना, ते पाहा. मॉर्फिनची साधी (लगेच परिणाम करणारी) गोळी साधारण दर चार तासांनी घड्याळ पाहून देतात. दुखणे वाढेपर्यंत थांबले तर ते आवाक्यात आणणे कठीण जाते, म्हणून एका वहीत वेळ आणि दुखणे दहापैकी किती, एवढे लिहीत जा.

उपचार संपलेले नाहीत. मणक्याच्या दुखण्यासाठी कधी कधी रेडिएशनची एकच बैठकही पुरते, त्याबद्दल अवश्य विचारा. आणि पायांतली शक्ती अचानक कमी झाली किंवा लघवी अडली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.

मुळामुठा:
शुश्रूषाताईंनी सर्व नेमके सांगितले आहे, मी फक्त आजार लपवण्याबद्दल लिहितो. माझ्या आईपासून आम्ही चार महिने लपवले. मग पॅलिएटिव्ह विभागाच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या, उभ्याने न बोलता तिच्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी विचारले, "आजी, आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं? आणखी जाणून घ्यायचं आहे का?" आई म्हणाली, "माझं मला कळतंय हो, ही पोरंच घाबरलीत." त्या संध्याकाळी तिने पेन्शनचे पुस्तक आणि बँकेच्या लॉकरची किल्ली माझ्या हाती दिली, धाकट्या बहिणीला बोलावून घेतले आणि दोघी रात्री उशिरापर्यंत माहेरच्या गोष्टी बोलत बसल्या. ते चार महिने आम्ही तिच्याकडून हिरावून घेतले, हे मला आजही बोचते. बाबांना किती ऐकायचे आहे ते त्यांनाच ठरवू द्या. हे कसे विचारावे, याचे प्रशिक्षण त्या मंडळींना असते.

घरी काळजी घेणे अशक्य झाले तर मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे आणि पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्ला या औषध कंपनीचे पॅलिएटिव्ह केंद्र आहे.

अनामिक वाचक:
काकांना एक गोष्ट जरूर सांगा. बोस्टनमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच ही पॅलिएटिव्ह काळजी मिळालेल्यांचे मन कमी खचले आणि त्यांच्यापैकी निम्मे ११.६ महिन्यांहून अधिक जगले. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांसाठी हाच आकडा ८.९ महिने होता. सर्वांच्या बाबतीत तसेच घडेल असे नाही, पण ही काळजी घेतल्याने आयुष्य घटते ही समजूत त्यातून नक्कीच टिकत नाही.

कृष्णाकाठ:
आपणा सर्वांची मी फार ऋणी आहे. काल विभागात फोन केला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे रात्री दहाला पहिली गोळी दिली. दोनच्या गोळीसाठी उठवायला गेले, तेव्हा बाबा कितीतरी दिवसांनी पलंगावर आडवे होऊन झोपले होते. उद्या विभागातील डॉक्टर त्यांच्याशी बोलणार आहेत आणि आपणही आत बसणार, असे आईने स्वतःहून सांगितले आहे.