सोसायटीतल्या मुलांना कोलाडला ट्यूबिंगला न्यायचंय, काय काय बघायचं?

ठाणेकर_आई:
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आमच्या सोसायटीतली पोरं (८ ते १३ वर्षं, वीसेक होतील) एक दिवस कोलाडला न्यायचं चाललंय. राफ्टिंगला १४ च्या खाली घेत नाहीत असं कळलं, पण तिथला एक आयोजक फोनवर म्हणाला मग ट्यूबिंग करा (हवा भरलेल्या ट्यूबवर बसून नदीतून वाहत जायचं), त्याला वयाचं काही नाही, "मॅडम एकदम सेफ, जॅकेट देतो ना". निम्म्या मुलांना पोहता येतं, म्हणजे स्विमिंग पूलमध्ये येतं. आम्ही सहा पालक आणि त्यातले पोहणारे दोनच. कॅन्सल करायचं नाहीये, पोरं आत्ताच चेकाळलीयत, पण त्या माणसाला नेमकं विचारायचं काय हेच कळेना. कोणी नेलंय का मुलांना?

कुंडलिकेकाठचा:
ताई मी इकडचाच, राफ्टवर गाईड आहे. आधी एक लक्षात घ्या, मे महिन्यात कुंडलिकेला जे पाणी दिसतं ते नदीचं स्वतःचं नसतं. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून येतं, वीज बनवून झाली की ते खाली सोडतात, बहुतेक सकाळचं. आणि पाणी आलं की जिथे मघाशी पोरं घोट्याएवढ्या पाण्यात दगड गोळा करत होती तिथे मोठ्या माणसाचे पाय ठरत नाहीत. त्या पाण्यात राफ्ट चालते, लहान मुलांच्या ट्यूबा नाही. आता मला सांगा, राफ्टमध्ये गाईड बसलेला असतो तरी १४ ची अट, आणि त्याच पाण्यात ट्यूबवर पोरगं एकटं असतं त्याला अट नाही, हे कुठलं गणित?

त्याला विचारा की आमची मुलं नक्की कुठल्या पट्ट्यात उतरणार, आणि बाहेर कुठे काढणार. सगळे कुठे उतरायचं ते सांगतात, काढायची जागा विचारली की गडबडतात. ती जागा उथळ पाहिजे, संथ पाहिजे आणि तिथे एक माणूस आधीच उभा पाहिजे. खाली डोलवहालचा बंधारा आहे, त्याच्या आसपास ट्यूब जाताच कामा नये. मुलांच्या पुढे एक कयाक (वल्ह्याची छोटी निमुळती होडी), मागे एक, आणि काठावर फेकायची दोरी असलेला माणूस. "आमची कामाची पोरं पोहतात की बरोबर" असं म्हणाला तर फोन ठेवा. साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ ला आलंय, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, तो कागद व्हॉट्सॲपवर मागवा, लाजू नका.

पोहणं_शिकवते:
दादांनी नदीचं सांगितलं, मी जॅकेटचं सांगते कारण तिथेच सगळे गंडतात. मोठ्यांचं जॅकेट पट्टे आवळून लहान मुलाला घालतात, जमिनीवर छान दिसतं आणि पाण्यात पडलं की जॅकेट वर आणि पोर खाली. प्रत्येक मुलाला जॅकेट घालून झालं की मागून खांद्याचे पट्टे धरून वर उचलून बघायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते त्याचं नाही, दुसरं मागा. छोट्यांना दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच हवं. दुसरं साइजचं नाहीये म्हणाले तर ते मूल काठावर थांबेल, रडलं तरी चालेल. आणि पूलमध्ये पोहता येतं हे नदीत धरूच नका, तिथे तळ दिसत नाही आणि पाणी ओढतं.

मुलांना घरीच दोन गोष्टी पाठ करून घ्या. ट्यूबवरून पडलात तर पाठीवर, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने पुढे. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न नाही, दगडांच्या फटीत पाय अडकला की वरून पाणी दाबून धरतं. तीन-चारदा गादीवर करून घ्या, हसतील, हसू देत.

सांगलीचा_बंड्या:
अरे काय एवढं! आम्ही ट्रकच्या ट्यूबा घेऊन अख्खी सुट्टी कृष्णेत काढायचो, ना जॅकेट ना हेल्मेट. आईला संध्याकाळी कपडे ओले बघून कळायचं. हल्लीच्या पोरांना कापसात गुंडाळून ठेवलंय बुवा.

कुंडलिकेकाठचा:
बंड्याभाऊ, तुम्ही रोज त्याच घाटावर, त्याच पाण्यात, आणि काठावर दहा ओळखीचे काका बसलेले. खड्डा कुठे हे तुम्हाला झोपेत पण माहीत. ही ठाण्याची पोरं नदी पहिल्यांदा बघणार. आणि तुमच्याच बंधाऱ्याचं घ्या, पाणी वरून जात असेल तर कोणी त्यावरून ट्यूब सोडायचा का? पायथ्याशी पाणी उलटं फिरतं, चांगला पोहणारा पण तिथून सुटत नाही.

सांगलीचा_बंड्या:
नाही, बंधाऱ्याकडे आजोबा फिरकू द्यायचे नाहीत, ते खरं आहे. मग ट्रकच्या ट्यूबबद्दल तरी ऐका माझं, तो पितळी व्हॉल्व्ह आतल्या अंगाला असतो, मांडी फाडतो. त्यावर कापड गुंडाळून चिकटपट्टी मारा. आणि काळी ट्यूब मे महिन्यात उन्हात पडली की बूड भाजतं, बसायच्या आधी पाणी मारा.

ऑस्टिनकर_पुणेकर:
आमच्याकडे टेक्सासला न्यू ब्राउनफेल्स म्हणजे ट्यूबिंगची पंढरी. तिथे पण हेच, लहान मुलं असली की लोक कोमल नदीवर जातात, झऱ्यांची नदी, छोटी, गावातच. ग्वादालुपेला मात्र वरून कॅनियन धरणाचं पाणी येतं, त्यामुळे निघायच्या आधी सगळे त्या दिवशीचा विसर्ग बघतात आणि आकडा जास्त असला की मुलांना घेऊन सरळ दुसरीकडे. एकच ॲड करतो, ट्यूबा दोरीने एकमेकींना बांधू नका. फोटो भारी येतो, पण मधली दोरी पाण्यातल्या फांदीला अडकली की सगळी माळ तिथेच आणि पाणी मागून ढकलतंय.

पोहणं_शिकवते:
+१. आणि मुलाला ट्यूबला बांधायचं तर अजिबातच नाही, एका ठिकाणी बघितलंय असं करताना, "पडू नये म्हणून"!! ट्यूब उलटली तर?

ठाणेकर_आई:
बापरे, बरं झालं विचारलं. त्या माणसाला आत्ता फोन केला, काढायची जागा विचारली तर म्हणाला "ते आमची मुलं बघतील". झालं समाधान. पर्याय काय मग? आणि एकाला दमा आहे, एकीला लहानपणी फिट यायची.

कुंडलिकेकाठचा:
फिटवाली मुलगी डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पाण्यात नको. दमावाल्याचा पंप गाईडच्या वॉटरप्रूफ पिशवीत, हॉटेलच्या बॅगेत नाही. पर्याय म्हणजे बाजूच्या संथ डोहात, जिथे सोडलेलं पाणी येत नाही तिथे, एका वेळी सहाच मुलं, जोड्या लावून, बाकीची काठावर. दर फेरीला डोकी मोजायची आणि मोजायचं काम एकाच पालकाला, त्याने मोबाईल खिशात ठेवायचा. पट्टा असलेले सँडल घाला, स्लिपर वाहून जाते आणि पोर तिच्यामागे जातं. मे अखेर असेल तर वर ताम्हिणीकडे ढग दिसतायत का बघा, पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहायला लागला की शिट्टी आणि सगळे बाहेर, फोटो-बिटो नंतर. १०८ ला फोन करायचा तर रेंज कुठे येते ते गेल्या गेल्या बघून ठेवा, खाली नदीत बऱ्याच ठिकाणी येत नाही. हॉस्पिटल रोहा नाहीतर माणगाव.

पोरं मे महिन्यात पण पाण्यातून कुडकुडत बाहेर येतात, तेव्हा टॉवेल आणि भजी तयार ठेवा.

ठाणेकर_आई:
एका रविवारी आम्ही दोघं-तिघं आधी जागा बघायला येतो. तुम्ही भेटाल का तिथे?

कुंडलिकेकाठचा:
या की. सकाळीच या, पाणी सोडायच्या आधी आणि नंतर असं दोन्ही वेळेला काठ चालून बघू.