व्हिसा आवळले की नोकऱ्या नेमक्या कुठे जातात?

प्रश्न: अमेरिकेने एच-१बी व्हिसा (परदेशी कुशल कर्मचाऱ्यांना तिथे नोकरी करू देणारा) कमी केले तर त्या जागा तिथल्या लोकांना मिळतात, की कामच देशाबाहेर जातं?

उत्तर १: काम हलवता येतं का, यावर ठरतं. २००४ च्या आर्थिक वर्षात वार्षिक मर्यादा १,९५,००० वरून ६५,००० वर आली. त्यानंतर बहुराष्ट्रीय कंपन्यांनी भारत, चीन, कॅनडातल्या शाखांत भरती वाढवली. एच-१बीचं असं असतं: मार्चमध्ये नोंदणी, मग सोडत (लॉटरी), नाव लागलं तर १ ऑक्टोबरपासून काम. नाव नाही लागलं तर कंपनी हातचा माणूस सोडत नाही, कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या शाखेत बसवते. तिथे सलग वर्ष भरलं की एल-१ वर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर, अमेरिकेत आणता येतं. त्या व्हिसासाठी लॉटरी नसते.

उत्तर २: शेत काही उचलून नेता येत नाही, म्हणून तिथे माणसाऐवजी यंत्र येतं. मेक्सिकन मजुरांना अमेरिकेतल्या शेतांवर आणणारा ब्रासेरो करार १९६४ अखेर संपला. त्यानंतर कॅलिफोर्नियात टोमॅटो काढणीची यंत्रं झपाट्याने पसरली. यंत्र अख्खं झाड एकदाच कापतं, त्यामुळे फळं एकाच वेळी पिकणारी आणि दणका सोसणारी लागतात. तसं वाण आधीच तयार होतं! स्थानिकांची मजुरी मात्र अपेक्षेइतकी वाढली नाही.

उत्तर १: बरोबर. आणि एक राहिलंच: एच-१बी मालकाला बांधलेला असतो. नोकरी गेली की अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. नव्या मालकाचा अर्ज त्या मुदतीत दाखल व्हायला हवा, नुसतं ऑफर लेटर पुरत नाही.