कार्गोवर लागलो, दिवसा झोपू कसा?

फोंडेकर: टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान चालवायचं प्रशिक्षण, संपलं. पुढच्या महिन्यापासून मालवाहू विमानावर को-पायलट, उड्डाणं सगळी रात्रीची. आई विचारते, "माणसं नाहीत तर नेणार काय, नारळ?" सुट्टीत घरी आलो की दिवसा झोप कशी लागायची?

रातकिडा: जाड काळा पडदा लाव. पहाटे २ ते ६ शरीर सगळ्यात सुस्त असतं, त्यामुळे ड्यूटीआधी संध्याकाळी झोपच. मी सकाळी घरी पोचून डोळा लागतो न लागतो तोच पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा! पाव घेऊनच झोपायचो.

जुना_कॅप्टन: झोपेचं जमेल रे. धोकादायक मालाचा कागद, नोटॉक, सही करण्याआधी वाच. लिथियम बॅटऱ्या कुठे ठेवल्यात ते बघ. माझ्या पहिल्या फेरीला कोंबडीची पिल्लं होती, दार उघडताच नुसता चिवचिवाट.

फोंडेकर: आईला सांगितलं. म्हणाली, नारळ बरे.